मुलांच्या घरची रंगीत काच

काच म्हटली की मोठ्या माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘जपून’. मुलांचे काचेशी नाते निराळे असते. मुलींचा काचापाण्याचा खेळ आठवावा. फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर टाकायचे आणि शेजारच्या तुकड्याला धक्का न लावता हवा तो तुकडा बोटाने बाजूला काढून घ्यायचा. हिरवे, लाल, निळे असे हे तुकडे एखाद्या जुन्या डबीत जपले जात, आणि घरातील कोणत्याही ऐवजापेक्षा त्या डबीचे मोल तिच्या मालकिणीस अधिक वाटे. मुलगे काचेच्या तीन पट्ट्या बांधून, त्यांत तेच तुकडे टाकून, शोभादर्शक करीत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर नेलेले मूल बांगड्यांच्या दुकानापुढे का रेंगाळते हे समजण्यासाठी मानसशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. रंग आणि उजेड दोन्ही एकदम हातात धरता यावेत अशी इतकी स्वस्त वस्तू दुसरी आढळत नाही.

परंतु अशी डबी ठेवायला कोनाडा लागतो, आणि कोनाड्याला घर लागते. ज्या मुलांस स्वतःचे घर नाही, किंवा असून तेथे राहता येत नाही, अशी मुले बालगृहांत, अनाथाश्रमांत, वसतिगृहांत, रुग्णालयांच्या मुलांच्या विभागांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. बालगृहांसाठी २०१६ साली जे आदर्श नियम झाले, त्यांत निजण्याच्या खोलीत दर मुलामागे ४० चौरस फूट जागा सांगितली आहे. नियम चांगलाच आहे; पण ४० चौरस फुटांत खाट आणि पेटी बसली की ‘हे माझे’ म्हणावे असे फारसे उरत नाही. या मुलांच्या वाट्याला काच येते ती खिडकीच्या तावदानाच्या रूपाने. आणि पुष्कळ ठिकाणी त्या तावदानाच्या खालच्या अर्ध्या भागास पांढरा ऑइलपेंट फासलेला असतो, म्हणजे बाहेरच्याने आत पाहू नये व आतल्याने बाहेर. आमचा आजचा विषय हे तावदान आहे. मुले जेथे राहतात अशा वास्तूंसाठी कलावंतांनी मुद्दाम घडविलेली काच जगात कोठे कोठे आहे, ती खरोखर कोणासाठी घडविली गेली, आणि आपल्या सोलापुरात तशी करावयाची झाल्यास काय ध्यानात ठेवावे, हे सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका नाही. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ साली निघाले. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे न्यायखात्यातील गृहस्थ तेव्हा पंढरपुरास होते. यात्रेच्या गावी टाकून दिलेली अर्भके त्यांनी पाहिली. विधवेच्या पोटी आलेल्या मुलाला त्या काळच्या समाजात जागा नव्हती आणि त्याच्या आईलाही नव्हती. चंद्रभागेच्या काठी गर्दीत मूल सोडून जाणे हाच कित्येकींपुढे उरलेला मार्ग होता. त्यांतून हा आश्रम उभा राहिला, प्रार्थना समाजाने तो आपला मानला, आणि पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव त्यास मिळाले. वसंत ऋतूत व्याख्यानमाला भरविण्याची पुण्याची प्रथाही न्यायमूर्ती रानड्यांनी त्याच १८७५ साली सुरू केली. प्रौढांच्या कानांची सोय आणि टाकलेल्या मुलांच्या निवाऱ्याची सोय एकाच वर्षी व्हावी, आणि ती एकाच विचाराच्या मंडळींकडून व्हावी, हा योगायोग व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आवडण्यासारखा आहे.

त्याच वर्षी इटलीत फ्लॉरेन्स शहरी एक खिडकी बंद झाली. तेथे ‘इनोचेंती’, म्हणजे निष्पाप बालकांचे, म्हणून एक घर आहे. रेशमाच्या धंद्यातील व्यापारी-कारागिरांच्या संघाने ते बांधविले. वस्त्राच्या पैशातून मुलांचे घर उभे राहिले, हे सोलापूरच्या माणसाला फोड करून सांगायला नको. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४१९ साली काम हाती घेतले, आणि १४४५ च्या फेब्रुवारीत तेथे पहिले मूल आले. ती मुलगी होती. पुढे चारशे वर्षांहून अधिक काळ तेथे मुले येत राहिली, आणि नाव न सांगता मूल आत देण्याची जी जागा भिंतीत केलेली होती ती १८७५ साली बंद करण्यात आली. एका देशात ती सोय बंद होत असता आपल्याकडे हा आश्रम निघत होता.

या घराच्या दर्शनी कमानींच्या मधोमध, रस्त्यावरून दिसतील अशी, मातीची गोल पदके बसविलेली आहेत. निळ्या गोलावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेले तान्हे मूल, हात किंचित पसरलेले. प्रत्येक मूल थोडे वेगळे. आंद्रेआ देल्ला रोब्बियाने ती १४८७ च्या सुमारास घडविली. ही मातीची कामे आमच्या विषयात कशी, असे कोणी विचारील. तर या पदकांचा रंग हा मातीवर चढविलेला काचेचा थर आहे. वाळू आणि क्षार यांची पूड पाण्यात कालवून भाजलेल्या मातीवर द्यावयाची आणि पुन्हा भट्टीत घालावयाची. ती वितळून काच होते. तीत कथलाचे भस्म असले तर काच दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते. कोबाल्ट असले तर निळी. तैलरंग उडतो, चुन्याचा रंग पावसाने धुऊन जातो, पण हा रंग काचेच्या अंगातच असल्यामुळे पाच शतके उलटून गेली तरी ते निळेपण जसेच्या तसे राहिले आहे. सार्वजनिक इमारतीवर काचेचा रंग का, या प्रश्नाचे हे एक उत्तर झाले.

आमच्या मनात एक प्रश्न मात्र राहतो. ही पदके कोण पाहतो? ती चौकाकडे तोंड करून आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या नागरिकाच्या मनात कणव उत्पन्न व्हावी, त्याचा हात खिशाकडे जावा, यासाठी ती तेथे लावली गेली. आणि ते काम त्यांनी उत्तम केले असणार. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. देणगीवाचून असे घर चालत नाही हे जगात कोठेही खरे आहे. पण आतल्या मुलाला त्या भिंतीची आतली बाजू दिसते. आणि ते बाहेर पडून वर पाहील तेव्हा त्याला काय दिसेल? आपण टाकून दिलेले मूल आहोत ही गोष्ट, अतिशय सुंदर रीतीने, आपल्याच घराच्या कपाळावर कोरलेली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयातले प्रार्थनामंदिर आपल्या रंगीत खिडक्यांसाठी नावाजलेले आहे. जुनी इमारत पाडताना ते अख्खेच्या अख्खे उचलून नव्या जागी सरकविले, इतका त्याचा लोभ. पण तेथील चित्रे धर्मग्रंथांतील बाल्यकथांची आहेत, आणि तेथे येऊन बसणारे बहुधा आईबाप. मुलांविषयी मोठ्यांसाठी केलेली काच, असा हा एक वर्ग मानावा.

दुसऱ्या वर्गाचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आहे. शिकागोजवळ रिव्हरसाइड येथे श्रीमती कूनली या बाई बालशाळा चालवीत. तिच्यासाठी फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराने १९१२ साली एक खेळघर बांधले. तोवर रंगीत खिडकी म्हणजे बहुधा देवळातली खिडकी. तिच्यात संत, राजे, देवदूत असायचे आणि सगळी काच गडद रंगांनी भरलेली असायची. राइटने बहुतेक काच साधी, बिनरंगी ठेविली, म्हणजे बाहेरची झाडे दिसत राहिली. आणि तीत लाल, निळे, पिवळे, हिरवे गोल व चौकोन मांडले. रस्त्यावरून मिरवणूक जात आहे, फुगे वर चढले आहेत, पताका फडकताहेत, कागदाचे कपटे उधळले आहेत, असा भास होतो. पण त्यांत कोणाचे चित्र असे नाही. मूल त्यात आपल्याला हवे ते पाहू शकते. राइटच्या आईने त्याला लहानपणी फ्रेबेल या जर्मन शिक्षकाने योजलेले लाकडी ठोकळे आणून दिले होते. ते गोल, घन आणि चौकोन बोटांनी हाताळलेला मुलगा पुढे मोठा होऊन मुलांसाठी खिडकी करायला बसला, तेव्हा त्याने तेच काचेत मांडले. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस जी बालवाडी चालविली तिचे तत्त्वही हेच होते: मुलाच्या हाताला लागेल, त्याच्या उंचीला येईल, आणि जे त्याला स्वतः लावता-मोडता येईल असे साहित्य. राइटच्या खिडक्यांची पुढची हकीकत जरा उदास आहे. त्या काढल्या गेल्या, आणि मुख्य तीन आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. तेथे त्यांची निगा उत्तम राखली जाते यात शंका नाही. परंतु तेथे त्यांच्यासमोर नाटक बसविणारी मुले नाहीत.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. मकबूल फिदा हुसेन हे १९१५ साली पंढरपुरात जन्मले. आई ते अगदी लहान असतानाच वारली. चित्रकार म्हणून नाव होण्यापूर्वी, मुंबईत पोट भरण्यासाठी सिनेमाचे फलक रंगविणाऱ्या या माणसाने १९४० नंतरच्या काही वर्षांत मुलांची खेळणी आणि मुलांच्या खोलीचे फर्निचर यांची कामे केली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. घोडा त्यांच्या चित्रांत जन्मभर राहिला. त्यांच्या उत्तरायुष्यातील वाद, आणि २०१० साली त्यांनी घेतलेले कतारचे नागरिकत्व, यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आमच्या विषयाला लागू ते एवढेच, की त्यांचे शेवटचे मोठे काम काचेचे आहे. दोहा येथे शाळा आणि विद्यापीठे एकत्र वसविलेली ‘एज्युकेशन सिटी’ आहे. तेथे ‘सीरू फिल् अर्द’ या नावाची त्यांची रचना त्यांच्या मृत्यूनंतर, २०१९ साली, खुली झाली. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर घडविलेले पुऱ्या आकाराचे काचेचे घोडे, जत्रेतल्या फिरत्या पाळण्यावर फिरावेत तसे तेथे फिरतात. मोठमोठे समीक्षक या रचनेत मानवाच्या प्रवासाचा इतिहास पाहतात, आणि तो तीत आहेच. आम्हांला मात्र पंढरपूरच्या जत्रेतला लाकडी घोड्यांचा पाळणा आधी आठवतो. ज्याच्या खेळण्याच्या वयात घरात आई नव्हती त्याने नव्वदी ओलांडल्यावर काचेच्या घोड्यांचा पाळणा कल्पावा, याहून अधिक त्यावर आम्ही लिहू नये.

असो. अशी कामे शेखांच्या व शेठांच्या पैशांतूनच होतात असे नाही. तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, तो अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून चालविलेल्या फंडातून. पुढे ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काढलेल्या कारखान्यातील प्रभाकर कंदिलाची काच कित्येक घरांत उजेड देत होती. सार्वजनिक पैशाची काच ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. त्या काळी ती स्वदेशीसाठी झाली इतकेच.

काचेला रंग येतो तो धातूंमुळे. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळविताना तीत कोबाल्ट टाकला तर निळी, लोखंड असेल तर हिरवट, मँगनीजमुळे जांभळी. लाल रंग सर्वांत अवघड. तांब्यापासून होणारी लाल काच इतकी गडद येते की जाड तुकडा काळाच दिसतो. म्हणून जुने कारागीर साध्या काचेवर लाल काचेचा पातळ पदर चढवीत. बांगडीतही कधी कधी असा दुपदरी प्रकार दिसतो. खिडकी करताना पुऱ्या मापाचे चित्र कागदावर काढतात, त्याचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याबरहुकूम हिरकणीने काच कापतात, आणि दोन्ही बाजूंनी खाच असलेल्या शिशाच्या पट्टीत तुकडे बसवून सांध्यांना डाख देतात. आपल्या चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरविणारे डिझायनर हेच काम सुतासाठी करतात. सलग चित्राचे लहान लहान घरांत विभाजन कसे करावे, दोन रंग शेजारी आले की तिसराच कसा भासतो, हे त्यांना शिकविण्याची आवश्यकता नाही. सोलापुरात काचेचा मोठा कलावंत नसेल, परंतु काचेचे चित्र काढू शकणारे हात शंभर निघतील.

खरी भानगड उन्हाची आहे, आणि या बाबतीत आम्हांस थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण परदेशची खिडकी उचलून येथे बसविली तर ती फसते. फ्रान्समधील शार्त्रच्या मंदिरात थंडीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो. ऊन जवळजवळ आडवे आत येते, म्हणून तेथे दक्षिणेच्या उंच खिडक्या साऱ्या मंदिरात रंग टाकतात. सोलापूर १७ अंश ४० कलांवर आहे. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य ४९ अंशांवर असतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो डोक्यावर येतो, आणि तेथून ऑगस्टच्या आरंभापर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे दक्षिणेची उंच रंगीत खिडकी उन्हाळ्यात स्वतः चकाकेल, पण खोलीत रंग टाकणार नाही. गिरणीच्या शेडला करवतीच्या दात्यांसारखे छप्पर करून त्याची काच उत्तरेकडे ठेवीत, ते मागावर थेट ऊन न पडता सारखा उजेड यावा म्हणून. तोच नियम येथे उलटा वापरावयाचा. मुलांना रंग भेटवायचा असेल तर खिडकी पूर्वेची हवी, आणि ती खाली हवी.

हिशेब सोपा आहे. पूर्वेच्या भिंतीत जमिनीपासून तीन फूट उंचीवर एक लाल तुकडा बसविला आहे असे समजा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठ वाजता त्याचा लाल कवडसा भिंतीपासून आठ फुटांवर, बहुधा एखाद्या खाटेशी, पडेल. नऊ वाजता तो सव्वाचार फुटांवर आलेला असेल, आणि दहा वाजता अडीच फुटांवर. म्हणजे कवडसा सकाळभर भिंतीकडे चालत जातो, आणि चालतो तो कोणाच्या हुकुमाने नव्हे. ज्या घरात उठण्याची घंटा, न्याहारीची घंटा, प्रार्थनेची घंटा असते, तेथील मुलाला ‘निळा माझ्या पेटीवर आला की शाळेला निघायचे’ असे स्वतःचे घड्याळ मिळणे ही लहान गोष्ट आम्ही समजत नाही. वर्षाच्या फेऱ्यात तो कवडसा उत्तर-दक्षिणही सरकतो. पंचांग न पाहता उत्तरायण-दक्षिणायन कळते. भिंतीवर खडूने खुणा करू दिल्या तर भूगोलाचा एक धडा फुकट होतो. तेवढी भिंत खराब होऊ द्यावी, असे आमचे व्यवस्थापकांस सांगणे आहे.

एक स्थानिक अडचण सांगतो. आपल्याकडे फरशी शहाबादी. करड्या दगडावर रंग मावळतो. निळा तर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून जेथे कवडसा पडणार तो पट्टा फिक्या फरशीचा करावा, किंवा शेजारच्या भिंतीला साधा पांढरा चुना द्यावा. भिंतींवर आज सर्रास रंगविली जाणारी कार्टूनची चित्रे तेथे नसावीत. काचेचा रंग आणि भिंतीचा रंग यांची झटापट होते आणि दोघेही हरतात. पश्चिमेच्या खिडकीला मात्र रंगीत काचेचा मोह टाळावा. सोलापूरचा एप्रिल आणि मे काय असतो हे सांगणे नको. पारा ४० च्या वर असता पश्चिमेला मोठी काच लावणे म्हणजे मुलांना भट्टीत बसविणे होय.

रंग कोठे नसावा हेही पाहिले पाहिजे. वाचण्याच्या मेजावर पांढरा उजेडच हवा. आणि तान्ह्या मुलांच्या खोलीत पाळण्यांवर रंगीत ऊन कदापि पडू देऊ नये. दाई किंवा परिचारिका मुलाच्या कातडीचा रंग पाहून बरेच ओळखते: कावीळ आहे काय, ओठ निळसर पडले काय. पिवळ्या काचेखाली सगळीच मुले पिवळी दिसतील, आणि खरी कावीळ लपून जाईल. याच संदर्भात एक गोष्ट आठवते. इंग्लंडात रॉशफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली वॉर्ड नावाच्या परिचारिकेने मुलांना उन्हात न्यावयास सुरुवात केली, तेव्हा एका बाळाच्या अंगाचा चादरीखाली झाकलेला भाग पिवळा राहिला व उघडा भाग निवळला असे तिच्या ध्यानात आले. नवजात बालकांच्या काविळीवर निळ्या प्रकाशाचा जो उपचार आज सर्वत्र होतो त्याचा उगम तेथे आहे. पण तो दिवा वेगळा आणि त्याचे माप वेगळे. निळी काच लावून कोणी घरीच उपचार करू नये.

धोक्यांपैकी फुटण्याचा धोका सर्वांना सुचतो. त्याहून मोठा धोका कोणास सुचत नाही. शिसे हे विष आहे. लहान मुलाच्या मेंदूला ते बाधते, आणि त्याचे निर्धोक असे प्रमाण आढळलेले नाही. जुन्या पद्धतीच्या खिडकीत शिशाच्या पट्ट्या असतात. देवळात त्या वीस फुटांवर असल्यामुळे बिघडत नाही. परंतु आम्ही तर खिडकी तीन फुटांवर आणा म्हणतो, आणि तीन फुटांवर मुलाची बोटे पोचतात व बोटांमागून तोंडही पोचते. म्हणून मुलांच्या खाली आणलेल्या काचेत शिशाची पट्टी मुळीच नसावी. रंगीत तुकडे साध्या काचेवर ठेवून भट्टीत एकजीव करता येतात. किंवा दोन काचांच्या मध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा घालून ‘लॅमिनेटेड’ काच करतात तीत रंग धरता येतो. ही काच फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात, जमिनीवर विखुरत नाहीत. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाने ही युक्ती शोधून १९०९ साली तिचे पेटंट घेतले. मोटारीच्या पुढच्या काचेत ती रोज आपल्या डोळ्यांपुढे असते. दुसरी ‘टफन्ड’ काच तापवून एकदम गार केल्यामुळे कणखर होते आणि फुटलीच तर बोथट दाण्यांसारखी फुटते, पण एकदा तयार झाल्यावर ती कापता येत नाही, हे मापे देताना विसरू नये.

चित्र कशाचे असावे, यावर समित्यांच्या बैठकी लांबतात. आमचे मत थोडक्यात असे, की अनाथ मुलांच्या घरात आई-बाळाचे चित्र लावू नये. लावणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. पण ज्याला रोज तेथे जेवायचे आहे त्याला रोज ते दिसणार आहे. सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एका पंक्तीत बसतात. अक्षरांचे तक्ते एकाच भाषेचे असतात, गोल आणि त्रिकोण मात्र सर्वांचे. पतंग, मासा, बैलाचे शिंग, मागाचा धोटा, असे काही असल्यास पुरे; नुसते आकार असले तरी पुरे. आणखी एक गोष्ट देणगीदारांच्या नावाची. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ हे बहुधा रस्त्यावरून वाचता येईल असे रंगवितात. आतून ती अक्षरे उलटी दिसतात. ज्यांच्यासाठी देणगी दिली त्यांनी दात्याचे नाव वर्षानुवर्षे उलटे वाचावे यात दात्याचाही मान नाही. नाव भिंतीवरच्या दगडात घालावे.

मग रस्त्यावरच्या नागरिकाला काहीच मिळू नये काय? त्याला रात्र मिळते. दिवसा बाहेर उजेड अधिक असतो, म्हणून आतल्यास बाहेरचे दिसते आणि बाहेरच्यास आतले दिसत नाही. ऑइलपेंट फासण्याचे कारणच उरत नाही. दिवेलागणीनंतर हे उलटते. आत दिवा लागला की साध्या काचेतून खोली उघडी पडते, आणि २०१५ च्या कायद्याने तर या मुलांची ओळख वृत्तपत्रांपासूनही जपावयाची आहे. म्हणून जेथे खिडकी रस्त्याकडे आहे तेथे रंगीत तुकड्यांमधली काच खरबरीत किंवा पन्हळी घ्यावी. तिच्यातून उजेड जातो, चेहरा जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीत एक भला मोठा आकाशकंदील लागलेला दिसतो, आणि आत कोण निजले आहे ते दिसत नाही.

शेवटी दुरुस्तीचे. मुलांच्या घरात चेंडू येणारच. सबंध खिडकी एका तावदानाची केली तर पहिल्या चेंडूने सारी कला संपते, आणि मग व्यवस्थापक तेथे पत्रा ठोकतात. म्हणून फूट-दीड फुटांच्या सुट्या चौकटी कराव्यात, स्क्रूने निघणाऱ्या, आणि प्रत्येक रंगाची एकदोन जादा तावदाने आरंभीच करवून घेऊन पेटीत भरून ठेवावीत, कारण तोच निळा दोन वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. फुटलेल्या चौकटीच्या जागी कोणता रंग घालायचा हे मुलांना ठरवू द्यावे. चित्र थोडे बिघडेल, आणि कलावंताने करारात तेवढे मान्य करावे.